पायाची सात हाडं

एसटी फाट्यावर थांबली तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. उतरले तर आबा समोरच उभे. डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं, हात मोकळे. मी पिशवी खाली न ठेवताच विचारलं, "कुठंय?"

"घरी," आबा म्हणाले. "देवापुढं ठेवलाय."

ते वाक्य मला लगेच कळलं नाही. माझ्या पिशवीत दिगूसाठी घेतलेला शर्ट होता. आदल्या दिवशी दुपारी पुण्यात मला तार मिळाली होती. इंग्रजीत तीनच शब्द. दिगू फाउंड, कम. माझा धाकटा भाऊ दिगंबर वीस महिन्यांपूर्वी पूर आलेला असताना पुलावरून पलीकडे जायला निघाला, तो पुन्हा कुणाला दिसला नव्हता. तार वाचली आणि मी सरळ दुकानात गेले. बारीक झाला असेल म्हणून एक नंबर कमीचा शर्ट घेतला आणि गाडीत बसले.

"ठेवलाय म्हणजे काय आबा?"

"हाडं हायेत. पायाची. लिंबाजी भोयाला डोहात घावली परवा." आबांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. "मी तारेत ‘दिगू सापडला म्हणतात’ असं लिहून दिलं होतं. पोस्टातला म्हणाला, ‘म्हणतात’ इंग्रजीत बसत नाही. काढून टाकला त्यानं तेवढा शब्द."

फाट्यापासून घर मैलभर. मे महिना होता. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेनं चालत राहिलो. आबा मध्येच म्हणाले, "कुणाला बोललो नाही अजून. लिंबाजीला, मला आन् वैजंताला ठाऊक. तू बघितल्याशिवाय काय बोलायचं नाही असं ठरवलं." मी बरं म्हणाले. शर्टाचा विचार मी एवढाच केला, की पिशवी आबांकडे आहे, त्यांनी ती उघडायला नको.

आबा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात गेज बघायचे. आमच्या गावापाशी मांजरा नदीवर, पुरात पाण्याखाली जाणारा जुना पूल होता आणि त्याच्या खांबावर रंगवलेली उंच पट्टी होती. नदीचं पाणी त्या पट्टीवर कुठवर आलंय ते बघायचं आणि वहीत मांडायचं, हे आबांचं काम. एरवी दिवसातून दोनदा, पुराच्या दिवसांत दर तासाला. पुलाच्या तोंडाशी त्यांची एक खोली होती आणि खोलीपासून पाण्यापर्यंत चाळीस पायऱ्या. गावात त्यांना गेजवाले आबाच म्हणत. पूल ओलांडायचा झाला तर माणसं आधी त्यांच्या खोलीत डोकावत, ‘आबा, जाऊ का?’ म्हणून विचारत, आणि मगच जात.

दिगू वीजमंडळात वायरमन होता. त्या संध्याकाळी नदीपलीकडे तार तुटली म्हणून निघाला. आबांनी जाऊ नको म्हणून सांगितलं, पण तो ऐकला नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्याची सायकल चौथ्या दिवशी दोन कोसांवर बाभळीत अडकलेली मिळाली. तो मिळाला नाही. आई आधीच गेलेली होती, म्हणून घरात आबा आणि दिगूची बायको वैजंता, दोघंच उरली. लग्नाला तेव्हा सात महिने झाले होते.

घरी पोचलो तेव्हा वैजंता भाकरी थापत होती. तिनं मान वर करून "आलात अक्का?" एवढंच म्हटलं. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. आबांनी पाय धुतले, टोपी काढली आणि भिंतीतल्या देवाच्या कोनाड्यातून एक पंचा उचलून माझ्यापुढे सोडला.

आत सात हाडं होती आणि वाळक्या चिखलाचा एक गोळा.

मी पुण्यात एका संस्थेत काम करायची. उत्खननात निघालेली जनावरांची हाडं धुवायची, त्यांच्यावर नंबर टाकायचे, कुठल्या जनावराचं, पुढच्या पायाचं की मागच्या, उजवं की डावं, ते ओळखून कार्डावर लिहायचं. अकरा वर्षं मी तेच केलं होतं. गावात लोकांना वाटे की मी तिकडे हाडांची डॉक्टर आहे. आबांनाही तसंच वाटे.

पहिलं हाड हातात घेतलं आणि मला कळलं.

ते जड होतं. रंग खजुरासारखा. दुसऱ्यावर टेकवलं तर कपबशी वाजावी तसं वाजलं. दोन पावसाळ्यांपूर्वी मेलेल्या माणसाचं हाड हलकं असतं, पिवळट असतं, असं वाजत नाही. हे दगड झालेलं होतं. वरच्या टोकाला, सांध्याच्या जागी, मधोमध खाच होती. माणसाच्या बोटाला तिथं गुळगुळीत वाटी असते. एक अंग चपटं होतं, कारण ते बोट जन्मभर शेजारच्या बोटाला चिकटून चाललेलं होतं. दोन खुरांचं जनावर. हरणाच्या जातीचं, चितळाहून थोडं थोराड. मांजरेच्या काठाला खडीचे जुने थर आहेत, त्यांतून अशी हाडं निघतात. वीस-पंचवीस हजार वर्षं तरी झाली असतील त्या हरणाला.

उरलेली सहा मी नुसती उलटून बघितली. सगळी त्याच जातीची.

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. ‘नाही’ हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. तेवढ्यात चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला. मी तिकडे बघितलं नाही.

"धुवावी लागतील," मी म्हणाले. "माती आहे. उजेडात बघते."

"बघ. घाई करू नको." आबा खांबाला टेकून बसले. "तू सांगशील ते खरं. ह्या लोकांचं काय, काठावर चप्पल दिसली तरी दिगूची म्हणतेत."

परसात धुण्याचा दगड होता, त्यावर मी बसले. वैजंता हात धुऊन कळशी घेऊन आली आणि तांब्यानं माझ्या हातांवर पाणी सोडू लागली. मी दात घासायच्या ब्रशनं एकेक हाड घासत होते. ते काम करताना माझे हात नेहमीसारखेच चालले.

"लहान दिसतात," ती म्हणाली. "त्यांचा पाय मोठा होता."

"मांस गेल्यावर हाड लहानच दिसतं."

हे मी सवयीनं बोलले. बोलले त्यात खोटं काही नव्हतं. पण तिच्या तांब्यातली धार मध्येच तुटली आणि मला कळलं, की तिनं ते उत्तर म्हणून घेतलं आहे.

"अजून सांगता येत नाही मला," मी म्हणाले.

"असं नका म्हणू अक्का." ती अगदी सरळ आवाजात बोलत होती, बाजाराची यादी सांगावी तसं. "हो म्हणा, नाही म्हणा. सांगता येत नाही असं म्हणू नका. ते लई ऐकलं मी."

मी ब्रश चालवत राहिले. थोड्या वेळानं तीच बोलू लागली.

"अंबाजोगाईहून कागद आलाय. नर्सच्या कोर्सचा. जूनच्या दहा तारखेच्या आत जायचंय. गेल्या सालीबी आला होता."

"आबा काय म्हणाले?"

"तो आला म्हंजे ठरवू, म्हणाले."

"रागावले?"

"मामंजी रागावत नाहीत. आजवर एक शब्द वाकडा बोलले नाहीत. सणाला बाजारातून बांगड्या आणतेत माझ्यासाठी. तो येईल तवा तुझे हात मोकळे दिसू नयेत, म्हणतेत." तिनं तांब्या पुन्हा भरला. "माझा भाऊ न्यायला आला होता. दोनदा. मामंजी त्याच्या पाया पडले. म्हणाले, ती गेली तर घराला तो मेलाय असंच वाटंल. आता पाया पडणाऱ्या माणसाला टाकून कसं जायचं, सांगा. वाईट असते तर मी कवाच गेले असते."

मी तिच्याकडे बघितलं. ती तेवीस वर्षांची होती.

"रोज दोन भाकरी जादा करते," ती म्हणाली. "सकाळी मीच खाते त्या. बायका हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, का तर काय ठाऊक, असंल नसंल. आन् कुणी मेल्याचं रडायला गेले तर म्हणतेत, तू नको रडू, तुझा नवरा येणार हाय. मला रडायबी येत नाही अक्का. कुणासाठी रडू तेच ठरत नाही."

आतून आबांनी पाणी मागितलं आणि ती उठून गेली. तेवढ्यात मागच्या फाटकातून लिंबाजी आला. लिंबाजी भोई, डोहावर जाळी टाकणारा. साठीचा असेल. कडुनिंबाखाली उकिडवा बसला, राम राम केला आणि माझ्या हातांकडे बघत राहिला.

शेवटी मी तो चिखलाचा गोळा घेतला. पाण्यात धरला. चिखल विरघळत गेला आणि आतून खुराचं हाड निघालं. पुढून टोकदार, खालून सपाट, होडीसारखं. शाळेतल्या पोरानंही ओळखलं असतं. गावात ज्यानं म्हणून बकऱ्याचे पाय शिजवून खाल्ले होते, त्याला हे हाड कशाचं ते सांगावं लागलं नसतं.

मी ते मुठीत झाकलं. वर बघितलं तर लिंबाजी माझ्याकडेच बघत होता. मग त्यानं तोंड फिरवलं आणि बिडी शिलगावली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"तीन व्हते तसले," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन म्या फेकले पाण्यात. ह्यो चिखलात व्हता, ध्यानात आला न्हाई."

"मग आणलीत कशाला?"

"आबा दर सोमवारी येतेत डोहावर. होडी काढाया लावतेत. बांबू घेऊन तळ ढवळतो आमी दोघं. दोन उन्हाळे झाले. घावलं तरी त्यास्नी नको असतंय, आन् न्हाई घावलं तरी घरी जाववत न्हाई." त्यानं धूर सोडला. "आन् ती सून. माझ्या धाकटीच्या वयाची हाय."

"मला हे ओळखता येतं, काका. हेच काम करते मी. माझ्याकडे कशाला आणायला लावलीत?"

"म्हनूनच की," लिंबाजी म्हणाला. "दुसऱ्या कुनाचं ऐकत्यात व्हय आबा?"

मी खुराचं हाड पदराच्या टोकाला बांधलं आणि पदर कमरेला खोचला. उरलेली सात पंच्यात ठेवली. त्यांतली तीन लांबट, बोटाच्या मुळाशी असतात तशी. चार आखूड. ती एका रांगेत लावली तर न जाणणाऱ्याला माणसाच्या पायाची बोटं वाटतील, अशी लावता येत होती. मी ती तशी लावली.

सोप्यात आबा खांबाला टेकून त्याच जागी बसले होते. वैजंता उंबऱ्याच्या आत उभी. मी पंचा खाली ठेवला आणि आबांसमोर बसले.

"हो आबा," मी म्हणाले. "दिगूचीच आहेत."

आबा पंच्याकडे बघत राहिले. मग एक हाड त्यांनी उचललं, तळहातावर ठेवलं, वजन बघितल्यासारखा हात थोडा वर-खाली केला.

"कुठला पाय?"

"उजवा."

"पक्कं?"

"उजवाच. तीन बोटं आहेत."

मी फार सफाईनं बोलत होते. कार्डावर लिहिताना जशी एकेक ओळ भरत जाते तशी. मला वाटलं होतं की आबा आता रडतील, मग मी त्यांना धरीन, आणि मग हळूहळू सगळं पुढं सरकेल. वैजंता उंबऱ्यातून आत गेली. आबांनी हाड पुन्हा जागेवर ठेवलं.

"पाच वाजता मी पायऱ्या उतरलोच नव्हतो," ते म्हणाले.

"कुठल्या पायऱ्या?"

"गेजच्या." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "पाऊस लागला होता. चारला खाली जाऊन बघितलं तवा पाणी उतरणीला लागलं होतं. दोन बोटं उतरलं होतं. पाचला म्हटलं, आता काय, उतरतंयच. खोलीत बसूनच आकडा लिहिला. आणखी दोन बोटं कमी. तेवढ्यात दिगू दारात आला. म्हणाला, आबा, पलीकडं तार तुटलीय, जाऊ का? मी वहीत बघून सांगितलं. म्हटलं, जा, उतरतंय."

आबांनी पंच्यावरून हात फिरवला.

"वरच्या अंगाला पाऊस झाला होता. पाणी परत चढलं होतं. खाली गेलो असतो तर दिसलं असतं. चाळीस पायऱ्या."

"पण तुम्ही तर त्याला अडवलं होतं," मी म्हणाले. "तो ऐकला नाही."

"तसं मीच सांगितलं. सगळ्यास्नी. पोलिसांनाबी. तुलाबी तसंच लिहिलं." आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. तोंड कोरडंच होतं. "वाटायचं, यील. कुठंतरी लागला असंल काठाला. डोक्याला मार लागून इसरला असंल. आला की संपलं सगळं. आला असता म्हंजे मी काय केलंच नाही, असं झालं असतं ना."

ते माझ्याकडे वळले. वीस महिन्यांत ते इतके म्हातारे झालेले मला फाट्यावर दिसले नव्हते, आता दिसले.

"पद्मा, तुझी खात्री हाय ना? तुझं चुकत नाही ना बाई?"

मला ते एक वाक्य मागं घेता आलं असतं. ‘थांबा आबा, पुन्हा बघते,’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पदराला बांधलेलं खुराचं हाड माझ्या कमरेला टोचत होतं, ते काढून समोर ठेवलं असतं की झालं. मी बसून राहिले. आतल्या खोलीत काहीतरी घासत गेल्याचा आवाज आला. वैजंता कणगीमागून आपली ट्रंक ओढत होती. जड असावी, थांबून थांबून ओढत होती. आबांनाही तो आवाज ऐकू आला असणार.

"नाही चुकत," मी म्हणाले.

आबांनी मान हलवली. पंच्याची चारही टोकं उचलून गाठ मारली. मग उभे राहिले, टोपी घातली आणि म्हणाले, "गुरुजींना सांगून येतो. फार वेळ ठेवू नये आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीकाठी सगळं झालं. देह मिळाला नाही की करतात तसा गुरुजींनी पळसाच्या पानांचा माणूस केला. डोकं, हात, धड, पाय. उजव्या पायाच्या जागी ती सात हाडं ठेवली. गावातली बरीच माणसं आली होती. आबांनी अग्नी दिला. पळसाची पानं आणि काड्या, किती वेळ लागणार. वाऱ्यानं ज्वाळा आडव्या झाल्या आणि थोड्या वेळात नुसती राख राहिली.

राखेत सातही हाडं होती तशी होती. काळी पडली होती, एकाला तडा गेला होता, बाकी काही नाही. दगडाला काय होणार. माणसं घराकडे वळली होती. आबा खाली वाकून काटकीनं ती एकेक बाजूला घेत होते.

"जळली न्हाईत," ते म्हणाले.

"हाडं लवकर जळत नाहीत आबा. जाळ थोडा होता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बघत राहिले. आजही मला सांगता येणार नाही, की त्या बघण्यात काय होतं. मग त्यांनी हाडं पंच्यात घेतली, गुडघाभर पाण्यात गेले आणि सोडली. पाण्यात ती तरंगली नाहीत, वाहिलीही नाहीत. जिथं पडली तिथंच तळाला दिसत राहिली. लिंबाजीनं पायानं वाळू सारली त्यांच्यावर.

घरी बायका जमल्या होत्या. वैजंता मधे बसली होती. मी आत गेले तेव्हा तिच्या बांगड्या काढून झाल्या होत्या आणि ती रडत होती. मोठ्यानं, तोंड उघडून, श्वास घ्यायलाही न थांबता. तीन तास ती तशी रडली. शेजारच्या बायका म्हणाल्या, बरं झालं, आत साठलेलं निघालं. मी भिंतीला टेकून बसले होते. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालं, तूही रड गं, भाऊ होता तुझा. मी मान हलवली. माझ्या डोळ्यांना पाणी येत नव्हतं. लोकांना वाटलं, शिकलेली आहे.

जूनच्या आठ तारखेला वैजंता अंबाजोगाईला गेली. आबांनी स्वतः ट्रंक डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत पोचवली. दीड वर्षाचा कोर्स करून ती नर्स झाली. पुढं तिथल्याच एका कंपाउंडरशी तिनं लग्न केलं, आणि लग्नाला आबांनी तिच्या बापाच्या जागी उभं राहावं म्हणून ती स्वतः न्यायला आली. आबा गेले. अक्षता टाकल्या, जेवले, परत आले. तिला दोन मुली आहेत. दर दिवाळीला तिचा मला फोन येतो.

आबांनी त्या पावसाळ्याआधी नोकरी सोडली. दोन वर्षं राहिली होती, पण सोडली. कारण विचारलं तर म्हणाले, पायऱ्या झेपत नाहीत. गावात मात्र त्यांनी सगळ्यांना सांगितलं. एकेकाच्या घरी जाऊन, ओट्यावर बसून, दिगू ऐकला नाही हे खोटं होतं, मीच जा म्हणालो, असं. लोक म्हणत, असू द्या आबा, झालं ते झालं. त्यांना असू द्या नको होतं. काय हवं होतं ते त्यांनाही ठाऊक नसावं. दर सोमवारी डोहावर जायचे ते बंद झालं. बोलणंही कमी होत गेलं. मी महिन्याला एक चक्कर मारायचे, तेव्हा ते समोर बसत, मी विचारलं तर हो किंवा नाही म्हणत. तिसऱ्या वर्षी थंडीत गेले. झोपेतच.

त्या तीन वर्षांत सांगावंसं मला कितीदा वाटलं, ते मोजलं नाही. एकदा जेवताना मी सुरुवात केली होती. "आबा, ती हाडं," एवढंच म्हणाले. त्यांनी घास ताटात ठेवला आणि हात वर केला, थांब म्हणून. मी थांबले. त्यांनी पाण्याचा पेला संपवला, मग पुन्हा जेवू लागले. सांगितलं असतं तर काय झालं असतं? ते पुन्हा डोहावर जाऊ लागले असते. पुन्हा वाट बघायला लागले असते. ते बरं झालं असतं की वाईट, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

संस्थेत मी त्या डोहाबद्दल कधी कुणाला सांगितलं नाही. आमचे सर मांजरेच्या काठानं खूप फिरले, वरच्या गावांतून बरंच काही घेऊन आले. हरणं, रानबैल, घोडे. आमच्या गावापाशी काही मिळतं का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांच्या नकाशावर तिथं काही नाही.

मी निवृत्त झाल्याच्या पुढच्या वर्षी एकदा सोलापूरला गेले होते. एका लग्नाहून परत येत होते. दुपारची वेळ. गाडी स्टँडवर उभी होती आणि मी खिडकीशी बसले होते. फलाटावरून एक माणूस चालत गेला. पन्नाशीचा. हातात कापडी पिशवी. चालताना त्याचा उजवा खांदा खाली जात होता, वर्षानुवर्षं तारेचं वेटोळं वाहिलं की जातो तसा. मी उतरले. सामान गाडीतच राहिलं. कंडक्टर ओरडला, बाई, गाडी सुटतेय. मी त्या माणसाच्या मागं चालत राहिले. तो चौकशीची खिडकी ओलांडून, रसवंतीसमोरून, शेवटच्या टोकाला चहाच्या टपरीवर थांबला. मी त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले आणि तोंडाकडे बघितलं.

"काय झालं बाई?" त्यानं विचारलं.

"तुमचं नाव काय?"

त्यानं नाव सांगितलं. वेगळंच होतं. गाव विचारलं, तेही सांगितलं. कर्नाटकातलं कुठलंसं. तो बिचारा सगळं सांगत होता. मला खाली बसवलं, चहा दिला. माझी गाडी निघून गेली ती त्या जागेवरून दिसली.

"कुणाला शोधताय का?" तो म्हणाला. "कुणी हरवलंय का तुमचं?"

"नाही," मी म्हणाले. "आमच्या घरात कुणी हरवलेलं नाही."